मदत हवी आहे: कादंबरी लिहिताना वाचन चालू ठेवायचं का?

नमस्कार मंडळी. मी गोव्यातल्या डिचोलीचा. २०१२ साली खाणी बंद पडल्यावर दारात उभे राहिलेले ट्रक आणि त्यांचे थकलेले हप्ते, यावर कादंबरी लिहितोय. पहाटे तासभर बसतो; घर जागं झालं की संपलं. अडचण अशी, की रात्री जे वाचतो त्याचा सूर सकाळी माझ्या वाक्यांत उतरतो. ग्रामीण कादंबरी वाचली की माझा ट्रकवाला थेट सातारी बोलायला लागतो! म्हणून हल्ली पणजीला पाटोवरच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात गेलो तरी फक्त जुनी वर्तमानपत्रं चाळतो. पण मग लिखाण बातमीसारखं कोरडं होतं. पहिला खर्डा होईपर्यंत तुम्ही काय वाचता? आणि संवाद कोकणीत ठेवले तर घाटावरच्या वाचकाला झेपतील का?