पीडीएफ एजमध्ये, सीएसव्ही एक्सेलमध्ये: आठ मशिनांवर डिफॉल्ट एकदाच कसं लावायचं?

झेरॉक्सकोपरा (प्रश्न)

प्रिंट आणि डेटा एन्ट्रीच्या दुकानात ८ मशिनं. सात विंडोज ११ (पाच प्रो, दोन होम), एक उबुंटू. डोमेन (सगळी मशिनं एका जागेवरून सांभाळायची व्यवस्था) नाही, सगळीकडे लोकल खाती.

हवंय एवढंच की पीडीएफवर डबल क्लिक केलं की अ‍ॅडोब रीडर उघडावा, कारण ई-आधार आणि डिजिटल सातबाऱ्याची सही तिथं तपासून घेता येते. विंडोजच्या एज ब्राउझरमध्ये सही न तपासल्याचं पिवळं प्रश्नचिन्ह तसंच राहतं. आणि सीएसव्ही (कॉमानं रकाने पाडलेली साधी टेक्स्ट फाइल) एक्सेलमध्ये न उघडता लिब्रेऑफिसमध्ये उघडावी.

एका मशिनवर नीट लावून रजिस्ट्रीतली (विंडोज आपल्या सेटिंग्ज ठेवतं तिथली) ‘यूजरचॉइस’ची, म्हणजे कोणती फाइल कशात उघडायची याची नोंद एक्सपोर्ट केली आणि दुसऱ्या मशिनवर चालवली. कधी नोंद लिहिताच येत नाही, कधी लिहिली जाते पण पुन्हा एजच उघडतो. हे का होतं? आणि प्रत्येक मशिनवर बसून क्लिक करत बसण्यापेक्षा सोपा मार्ग आहे का?

---

कळफलक

आधी ‘का’ ते सांगतो. यूजरचॉइसमध्ये दोन गोष्टी असतात: प्रोगआयडी (प्रोग्रॅमची ओळख) आणि हॅश (नोंद खरी आहे का ते पडताळायचा संकेत). हा हॅश फाइलचं एक्स्टेन्शन, खात्याचा एसआयडी (विंडोजनं दिलेला खात्याचा ओळख क्रमांक), प्रोगआयडी आणि नोंद लिहिल्याची वेळ यांवरून निघतो. दुसऱ्या खात्याचा एसआयडी वेगळा, म्हणजे तुमचा हॅश तिथं खोटा ठरतो. विंडोज तो जुळवून बघतं, जुळला नाही की नोंद केराच्या टोपलीत आणि स्वतःचा डिफॉल्ट पुन्हा जागेवर. शिवाय त्या कीवर खुद्द वापरकर्त्यालाच लिहायला मनाई केलेली असते, म्हणून कधीकधी नोंदच होत नाही.

पूर्वी हा हॅश काढून देणारी छोटी साधनं मिळायची. २०२४ च्या सुरुवातीला विंडोजमध्ये यूसीपीडी नावाचा ड्रायव्हर आला. तो वेबच्या लिंका आणि पीडीएफ यांच्या यूजरचॉइसमध्ये बाहेरच्या प्रोग्रॅमला लिहूच देत नाही. त्यामुळे नेटवरचे जुने उपाय पीडीएफसाठी सोडून द्या. तो ड्रायव्हर बंद करायच्या युक्त्याही फिरतात, पण दुकानातल्या मशिनांवर त्या वाटेला जाऊ नये.

एका मशिनवर हातानं करायचं तर सर्वांत कमी क्लिकचा रस्ता: सेटिंग्ज, अ‍ॅप्स, डिफॉल्ट अ‍ॅप्स. या पानावर शोधायच्या दोन चौकटी आहेत आणि तिथंच लोक फसतात. खालची अ‍ॅप शोधायची. तुम्हाला वरची हवी, फाइलच्या प्रकाराची. तीत टिंब देऊन ‘.पीडीएफ’ टाइप करा (अर्थात रोमनमध्ये), सध्याचं अ‍ॅप दिसेल, त्यावर क्लिक, रीडर निवडा, ‘सेट डिफॉल्ट’. वीस सेकंदांचं काम.

उजवं क्लिक करून ‘ओपन विथ’मधून केलंत तर रीडरच्या नावावर क्लिक करून थांबू नका. तेवढ्यानं नुसती निवड होते. खालचं ‘ऑलवेज’ दाबायचं, ‘जस्ट वन्स’ नाही.

---

फोल्डरबहाद्दर

प्रोवर ग्रुप पॉलिसी (मशिनला नियम लावून द्यायची सोय) आहे की. कॉम्प्युटर कॉन्फिगरेशन, अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह टेम्प्लेट्स, विंडोज कंपोनंट्स, फाइल एक्सप्लोरर. तिथं डिफॉल्ट असोसिएशन्सची कॉन्फिगरेशन फाइल नेमायची पॉलिसी आहे. डिफॉल्टची यादी असलेल्या एक्सएमएल फाइलचा पाथ द्या, काम झालं.

---

टर्मिनलतात्या

बहाद्दर, त्या पॉलिसीची माहिती उघडून वाचा: मशीन डोमेनला जोडलेलं असेल तर लागू. यांच्याकडे डोमेन नाही. आणि जिथं ती चालते तिथंही दर लॉगिनला यादी पुन्हा लादली जाते. वापरणाऱ्यानं मधे काही बदललं तर दुसऱ्या दिवशी गायब. ऑफिसात ठीक, दुकानात वैताग.

झेरॉक्सकोपरा, तुमच्यासाठी डिस्म, ही विंडोजमधलीच कमांड. विंडोज होमवरही चालतं.

१. एका मशिनवर सगळे डिफॉल्ट हातानं नीट लावा.
२. कमांड प्रॉम्प्ट रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर करून उघडा. साधा उघडलात तर एरर ७४० येईल.
३. डिस्म, मग ऑनलाइन हा स्विच, मग ‘एक्सपोर्ट-डिफॉल्टअ‍ॅपअसोसिएशन्स’, कोलन, आणि एक्सएमएल फाइलचा पूर्ण पाथ.
४. ती फाइल पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या मशिनवर तीच कमांड, फक्त ‘एक्सपोर्ट’च्या जागी ‘इम्पोर्ट’.

आता मेख. इम्पोर्ट केलेली यादी नव्या खात्याला, त्याच्या पहिल्या लॉगिनला लागते. चालू खात्यावर काडीचा फरक पडत नाही. ‘डिस्म चालत नाही’ अशी ओरड असते ती नव्वद टक्के यामुळेच. क्रम असा ठेवा: आधी रीडर आणि लिब्रेऑफिस सगळीकडे इन्स्टॉल, मग इम्पोर्ट, मग नवं खातं, मग लॉगिन. प्रोग्रॅम नंतर टाकलात तर यादीतला प्रोगआयडी मशिनला ओळखूच येत नाही. तो आयडी आवृत्तीप्रमाणे बदलू शकतो, म्हणून सगळीकडे एकाच इन्स्टॉलरनं टाका.

फाइल नोटपॅडमध्ये उघडून पीडीएफ आणि सीएसव्हीच्या ओळी तपासा, पण बाकीच्या ओळी उडवू नका. मागं फिरायचं असेल तर ‘रिमूव्ह-डिफॉल्टअ‍ॅपअसोसिएशन्स’.

---

झेरॉक्सकोपरा

म्हणजे चालू खाती ठेवायची असतील तर हातानंच. सात मशिनं, दोन प्रकार, चौदा वेळा. ठीक आहे, नवी खाती काढण्यापेक्षा ते परवडलं.

पण हातानं रीडर लावलेल्या मशिनवरही वेबसाइटवरच्या पीडीएफवर क्लिक केलं की ती ब्राउझरच्या टॅबमध्येच उघडते. डिफॉल्ट लागला नाही असं समजायचं का?

---

कळफलक

लागलाय. ब्राउझर स्वतः पीडीएफ दाखवू शकतो, तोवर तो विंडोजला विचारायलाच जात नाही. क्रोममध्ये सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, साइट सेटिंग्ज, सगळ्यात खाली जादा कंटेंट सेटिंग्ज, पीडीएफ डॉक्युमेंट्स. तिथं ‘डाउनलोड’ निवडा. मग फाइल उतरते आणि त्यावर क्लिक केलं की रीडर. हे दर ब्राउझर प्रोफाइलला वेगळं करावं लागतं.

---

रकानेकर

सीएसव्हीबद्दल कुणी बोललं नाही, आणि खरं नुकसान तिथं होतं. गट क्रमांकाचा रकाना असलेली फाइल एक्सेलमध्ये डबल क्लिकनं उघडली की १२/३ चा होतो १२ मार्च. वर ‘सेव्ह’ दाबलंत तर फाइलीतही तारीखच जाते, मूळ आकडा परत मिळत नाही. ७/१२ ची ७ डिसेंबर होते, हा विनोद आपल्याकडेच कळणार. खाते क्रमांकापुढची शून्यं उडतात ती वेगळी. यूटीएफ-८ (सगळ्या लिप्या साठवायची पद्धत) फाइल असेल आणि तिच्या सुरुवातीला तसं सांगणारी बीओएम ही खूण नसेल तर मराठी नावांचा चिखल: देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणून एका अक्षराच्या जागी तीन परकी चिन्हं दिसतात.

लिब्रेऑफिस कॅल्क डिफॉल्ट ठेवलंत की आधी इम्पोर्टची खिडकी येते. कॅरेक्टर सेट यूटीएफ-८, सेपरेटर फक्त कॉमा. मग खालच्या नमुन्यात गट क्रमांकाच्या रकान्याच्या डोक्यावर क्लिक करून कॉलम टाइप ‘टेक्स्ट’. मोबाइल आणि खाते क्रमांकालाही तेच. ही खिडकी न बघता ओके दाबायची सवय लागली तर कॅल्क लावून फायदा शून्य.

एक्सेलशिवाय चालत नसेल तर फाइलवर डबल क्लिक नको. एक्सेल उघडा, डेटा, फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही, फाइल ओरिजिन ६५००१ (म्हणजे यूटीएफ-८), आणि डेटा टाइप ओळखण्याच्या जागी ‘ओळखू नका’ हा पर्याय.

---

टर्मिनलतात्या

उबुंटूचं राहिलं. तिथं हॅशबिश काही नाही. खात्याच्या होम फोल्डरमधल्या लपलेल्या कॉन्फिग फोल्डरात ‘माइमअ‍ॅप्स डॉट लिस्ट’ ही साधी टेक्स्ट फाइल असते. ‘डिफॉल्ट अ‍ॅप्लिकेशन्स’ या मथळ्याखाली दर ओळीत डावीकडे माइम प्रकार (फाइलच्या प्रकाराचं नाव), बरोबरचं चिन्ह, उजवीकडे प्रोग्रॅमच्या डेस्कटॉप फाइलचं (तो कसा उघडायचा ते सांगणाऱ्या फाइलचं) नाव. खातं बदललं तरी हीच फाइल उचलून ठेवली की झालं. सगळ्या खात्यांसाठी हवी तर ईटीसी या सिस्टिमच्या सेटिंग्जच्या फोल्डरातल्या एक्सडीजी फोल्डरात ठेवा; वापरणाऱ्याची स्वतःची फाइल असेल तर ती वरचढ ठरते.

एकच खोड: कॅल्क स्नॅपचं, फ्लॅटपॅकचं की डेबचं (इन्स्टॉल करायच्या तीन पद्धती), यावर डेस्कटॉप फाइलचं नाव बदलतं. नाव चुकलं तर एरर येत नाही, ओळ मुकाट वगळली जाते आणि दुसरंच काहीतरी उघडतं. म्हणून नाव आठवणीनं लिहू नका. एकदा उजव्या क्लिकनं ‘ओपन विथ’मध्ये जाऊन ‘या प्रकारासाठी नेहमी’ चालू करा, मग ती फाइल उघडून काय लिहिलं गेलंय ते बघा आणि तेच उचला.