रिपोर्टची वाट पाहण्याचे दिवस
पत्नीच्या पहिल्या केमोनंतर बोन मॅरोचा (हाडांतल्या मगजाचा) रिपोर्ट येईपर्यंत आपण काय करावे, हा आपला प्रश्न वाचून मन भरून आले, कारण माझ्या यजमानांच्या ल्युकेमियाच्या (रक्ताच्या कर्करोगाच्या) उपचारांत हेच दिवस मला सर्वांत जड गेले. त्या घाबरून बोलू लागल्या तर धीराचे शब्द न शोधता नुसते ऐकून घ्यावे. संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी घटलेल्या असताना ताप १००.४ फॅरनहाइटला पोहोचला, तर क्रोसिन देऊन सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे. नागपूरच्या मे महिन्यात उन्हानेच अंग तापले असेल असे वाटते, तरी थर्मामीटरवरच विश्वास ठेवावा. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट्स चढवाव्या लागू शकतात, आणि दात्याकडून घेतलेल्या प्लेटलेट्स साधारण ५ दिवसच साठवता येतात, म्हणून रक्तदात्यांना आधीच सांगून ठेवावे. भेटायला येणाऱ्या आप्तांना दारातूनच परत पाठवण्याचे अवघड काम मात्र आपणच अंगावर घ्यावे, पत्नीवर सोडू नये.