रोनाल्डिन्यो 'वाया गेला' म्हणणाऱ्यांसाठी

तिसरा_हाफ (धागाकर्ता)
परवा इथं एकानं ब्राझीलच्या या फुटबॉलपटूबद्दल लिहिलं, 'रोनाल्डिन्यो म्हणजे मातीमोल झालेलं सोनं. शिस्त असती तर मेस्सीच्या वर गेला असता.' खाली अनुमोदनांची रांग. दोन दिवस गप्प बसलो, आता बसवत नाही.

2002चा विश्वचषक, 2005चा बॅलन डी'ऑर (वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार), 2006ची चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा), आणि सगळ्यांनी तेराव्याचं जेवण उरकल्यावर 2013ला अॅटलेटिको मिनेरोबरोबर दक्षिण अमेरिकेतली तशीच स्पर्धा, लिबर्टाडोरेस. हा वाया गेलेला, तर कामी आलेला कसा दिसतो? 2003ला तो बार्सात, म्हणजे बार्सिलोनात, आला तेव्हा त्यांनी 1999नंतर स्पेनची लीग पाहिली नव्हती. सेव्हियाविरुद्धची मॅच रात्री बारा वाजून पाच मिनिटांनी सुरू झाली. गडी आपल्या हाफमधून बॉल घेऊन निघाला, लांबूनच हाणला, बॉल बारला आपटून आत. 19 नोव्हेंबर 2005ला तर बर्नाब्यूवर, बार्साच्या कट्टर वैऱ्याच्या, रियाल माद्रिदच्या घरात, माद्रिदचीच माणसं उभी राहून त्याच्यासाठी टाळ्या वाजवत होती. आपल्याला मात्र प्रगतिपुस्तक हवं : पहिल्या सत्रात उत्तम, दुसऱ्यात घसरला, पालकांनी येऊन भेटावे.

पेनल्टीबॉक्स
टाळ्या पुरे. त्या रात्री तो 25 वर्षांचा होता. 28व्या वर्षी बार्साचा नवा प्रशिक्षक गार्डिओलानं आल्या आल्या दार दाखवलं. मधे काय झालं ते सांग की. 2006च्या विश्वचषकात एक गोल नाही. 2010च्या विश्वचषकाला ब्राझीलचा प्रशिक्षक डुंगानं नेलंच नाही. बॉल पायाला चिकटतो म्हणून सराव बुडवायचा परवाना मिळत नसतो. आणि भुर्दंड कुणाला? बरोबर धावणाऱ्या दहा जणांना. 2006नंतर दोन हंगाम ना लीग, ना चॅम्पियन्स लीग.

तिसरा_हाफ
2006-07ला लीगमध्ये 21 गोल. बार्सातला त्याचा सगळ्यात मोठा आकडा. लीग गेली तीही माद्रिदशी गुण सारखे असताना, आपसातल्या सामन्यांवर. संपलेला माणूस बरा होता म्हणायचा.

पेनल्टीबॉक्स
पेनल्ट्या वजा करून सांग. मी थांबतो.

तळ्यात_मळ्यात
17 कसोट्या, सरासरी 54.20, शेवटची कसोटी 23व्या वर्षी. विनोद कांबळी. आपल्या घरचं उदाहरण असताना ब्राझीलला कशाला जायचं?

तिसरा_हाफ
आला! कुठल्याही धाग्यावर दहाच्या आत कांबळी येतोच. माफ करा, पण आज नको.

गोंयकार
आमच्याकडचं ऐका. 2016च्या फुटसल (पाच-पाच जणांचा, बंदिस्त मैदानातला फुटबॉल) लीगमध्ये हा गोव्याच्या संघात होता. बंगळुरूला पाच गोल घातले आणि दोन सामन्यांत टाटा. त्याच वर्षी आमचे साळगावकर, स्पोर्टिंग, धेंपो हे क्लब आय-लीगमधून, देशाच्या फुटबॉल लीगमधून, बाहेर पडले. त्याचं सुतक कुणी पाळलं नाही, सेल्फीला मात्र रांगा. क्षमतेचं चीज न होण्याबद्दल बोलायचं तर आमच्या फुटबॉलबद्दल बोला.

पेठेतला_लेफ्टी
शिस्त शिस्त काय लावलंय? माझा चुलतभाऊ, डावा पाय, कोल्हापुरात शाहू स्टेडियमवर खेळायचा. सेमीफायनलच्या आदल्या रात्री वरातीत पहाटेपर्यंत नाचला आणि दुपारी दोन गोल. तालमीनं (आमच्याकडं फुटबॉल संघ तालमींचेच) खांद्यावर घेतला, वरातीचं कोण बोललं नाही. पुढच्या हंगामात गुडघा सुजला. बर्फ लावला, सुई टोचली, खेळवला. हंगाम संपल्यावर एक फोन नाही. आज रसवंती चालवतोय आणि पेठ म्हणती, पोरगं भारी होतं, पण शिस्त नव्हती. तालमीचं नाव घेत नाही.

दगडी_डिफेन्स
नाव घेऊ नका, आम्हाला कळलंय. मंगळवार पेठेतनं लिहितोय, त्याला मी मार्क केलाय. वरातीचं खरं हाय. पण त्या सुईचं घरच्यांनाबी ठाऊक होतं. तवा हार घालायला पुढं कोण होतं?

पेठेतला_लेफ्टी
घरापर्यंत जायचं नाही, सांगून ठेवतो.

दगडी_डिफेन्स
घरापर्यंत कुठं, गुडघ्यापर्यंतच आलोय.

तळ्यात_मळ्यात
कांबळी चालत नव्हता, रसवंती चालते. छान.

पेनल्टीबॉक्स
दोघांनी मिळून माझाच मुद्दा मांडला. लेफ्टीच्या भावाला गुडघा तरी आडवा आला. रोनाल्डिन्योला काय आडवं आलं? डॉक्टर होते, मसाजवाले होते, जगातलं सगळ्यात भारी मैदान होतं. तरी पोट सुटलं.

पेठेतला_लेफ्टी
त्याच्यावर घालू नका. भावाला विचारलं मी, आत्ता, फोन करून. म्हणाला, 'रोनाल्डिन्यो? त्याला बघूनच तर नो-लुक पास शिकलो, बघायचं एकीकडं, बॉल द्यायचा दुसरीकडं. वाया कसा जाईल?' आणि गिऱ्हाईक आलं म्हणून ठेवला.

दगडी_डिफेन्स
नो-लुक? बॉल कुठं चाललाय हे त्याला सोताला माहीत नसायचं, म्हणून बघायचा नाही. (पण एकदा माझ्या दोन पायांतनं काढला होता. पोरं अजून काढत्यात तो विषय. पोरगं भारी होतं, लिहून घ्या. सुईचा शब्द मागं घेतो, हाराचा नाही.)

तिसरा_हाफ
पेनल्टीबॉक्स, 2006नंतर तो घसरला हे मी नाकारलंच नव्हतं. सराव बुडवायचा, हेही मान्य. तीन वर्षं शिखरावर राहणं कमी आहे, एवढं मात्र मान्य नाही. बाकीच्यांनी तिथं अर्धा तास काढला तरी पुतळे होतात. आणि 2009-10ला मिलानमध्ये असिस्ट कोण देत होतं, तेही एकदा बघ.

पेनल्टीबॉक्स
मिलान बघणार नाही. बर्नाब्यूचे दोन्ही गोल मात्र परत बघितले, रात्री साडेबाराला, आवाज बंद करून, बायको झोपली होती म्हणून. त्याला अडवू न शकलेल्या माद्रिदच्या रामोसची दया आली. दुसरा गोल तीनदा बघितला. मत तेच आहे.