टॉलस्टॉयच्या बायकोवर कादंबरी लिहायची तर ती दरवेळी रडकीच का?

उंटावरची_शहाणी
थोर लेखकांच्या संसारावरच्या ऐतिहासिक कादंबऱ्या म्हणजे माझा वीक पॉइंट, त्यात टॉलस्टॉय-सोफिया असले की आधी उडी मारते. पण आता वैताग आलाय. एकतर सोफिया म्हणजे पैशाला हपापलेली कजाग बाई, म्हाताऱ्याला घर सोडायला लावणारी. नाहीतर (हल्ली हेच जास्त) बिचारी, सोशिक, १३ बाळंतपणांनी पिचलेली. १३ मुलं खरीच आहेत, त्यातली ८ जगली हेही खरं, नाकारतंय कोण. पण ते सोडून दुसरं काही नव्हतंच का तिच्यात?

१८६२ ला लग्न, ती १८ ची, तो ३४ चा, आणि लग्नाच्या तोंडावर त्याने आपल्या जुन्या डायऱ्या तिच्या हातात ठेवल्या, इस्टेटीवरच्या शेतकरी बाईच्या प्रकरणासकट. हा सीन कुणालाच सोडवत नाही. अरे पण खुद्द टॉलस्टॉयनेच तो 'ॲना कॅरेनिना'त लेव्हिन आणि किटीला देऊन वापरून टाकलाय की!

मला हवीये १८९१ ची सोफिया. 'क्रॉयत्झर सोनाटा'वर सेन्सॉरची बंदी. संशयापायी बायकोचा खून करणाऱ्या नवऱ्याची गोष्ट, आणि लोक कुजबुजतायत की ही यांच्या घरचीच भानगड दिसते. दुसरी कुणी असती तर म्हणाली असती बरं झालं, राहू दे बंदी. ही बाई पीटर्सबर्गला जाऊन थेट झारला, अलेक्झांडर तिसऱ्याला भेटते आणि ती स्वतः छापत असलेल्या समग्र टॉलस्टॉयच्या १३ व्या खंडात ती गोष्ट घ्यायची परवानगी काढून आणते. ज्या गोष्टीने तिची चारचौघांत शोभा झाली तीच छापायला! एक तर खंड अडकला की पैसे अडकणार, आणि दुसरं म्हणजे गोष्ट माझ्यावर असती तर मीच तिची वकिली केली असती का, हे लोकांना दाखवायचं. शिवाय त्या गोष्टीला उत्तर म्हणून तिने स्वतः एक कादंबरी लिहून ठेवली, 'चूक कोणाची?' अशा अर्थाचं नाव, ती छापून आली थेट १९९४ ला. एवढा माल समोर असताना आमचे कादंबरीकार तिला खिडकीत बसवून उसासे टाकायला लावतात.

चष्मेबद्दूर
असहमत. कादंबरी आहे ती, बॅलन्सशीट नाही. खंड, कमिशन, परवानगी हे वाचायला कोण बसणार? वाचकाला लग्न आतून बघायचं असतं.

आणि तुम्ही तिला हुशार धंदेवाली केलंत की तो आपोआप बावळट ठरतो, हा अन्याय आहे. त्याने १८९१ मध्येच १८८१ नंतरच्या सगळ्या लिखाणावरचे हक्क जाहीरपणे सोडले. लिहून पैसे घ्यायची त्याला खरोखर लाज वाटायची, नाटक नव्हतं ते. आणि शेवटी झालं काय? मृत्युपत्राने हक्क धाकट्या मुलीकडे, साशाकडे गेले, मरणोत्तर पुस्तकांच्या पैशातून तिने यास्नाया पोल्यानाची, म्हणजे त्याच्या इस्टेटीची, जमीन घरच्यांकडून विकत घेऊन शेतकऱ्यांना दिली. म्हणजे म्हातारा बोलला ते झालं. हे एक पान तरी लिहा कुणीतरी.

उंटावरची_शहाणी
जमिनीचं मान्य, तो भाग भारीच आहे. पण १८८१ च्या आधीचे हक्क कुणाकडे होते? तिच्याकडे. 'वॉर अँड पीस', 'ॲना' सगळं त्यात. म्हणजे हा तत्त्व सांगणार, आणि घर, मुलांची शिक्षणं, आल्यागेल्या भक्तांची जेवणं चालणार तिने विकलेल्या पुस्तकांवर. धंदा कसा करायचा तेही ती १८८५ मध्ये दोस्तोयेव्हस्कीच्या विधवेकडे जाऊन विचारून आली होती. दोन महान लेखकांच्या बायका पुस्तक कसं छापायचं नि कसं खपवायचं यावर बोलतायत, याहून आतून लग्न कुठे दिसणार सांगा बरं. आणि तिला बाजूला टाकणारं मृत्युपत्र केलं कुठे, तर जुलै १९१० मध्ये जंगलात, झाडाच्या बुंध्यावर बसून, चोरून. एवढं स्वच्छ तत्त्व होतं तर घरात टेबलावर बसून का नाही?

पोथीनिष्ठ
घरात का नाही हे तिच्या उशिरा-रात्रीच्या झडत्या बघून विचारा. शेवटच्या वर्षी त्याने 'फक्त माझ्यासाठी' म्हणून एक छोटी डायरी ठेवली, ती बुटात लपवायचा, तीही तिने शोधून काढली. २८ ऑक्टोबरच्या रात्री (जुन्या कॅलेंडरने) जाग आली तर ही अभ्यासिकेत कागद चाळतेय. पहाटे गेला निघून. चिठ्ठीत ४८ वर्षांच्या सोबतीबद्दल आभार मानलेत हे मात्र सगळे विसरतात.

बाकी माझा मूळ आक्षेप वेगळाच आहे. तो डायरी लिहितो, ती लिहिते, मुलं लिहितात, सेक्रेटरी लिहितो, डॉक्टरही लिहितो. इतकं लेखी असताना कादंबरीकाराने वर स्वतःचे संवाद कशाला घुसवायचे? आणि ते 'वॉर अँड पीस' तिने सात वेळा पूर्ण लिहून काढलं हे प्लीज आता थांबवा. काही भाग पुन्हा पुन्हा उतरवले, अख्खी कादंबरी सात वेळा नव्हे. तेवढंही कमी आहे का?

चष्मेबद्दूर
डायऱ्यांचं उलट आहे हो. ते एकमेकांच्या डायऱ्या वाचायचे, त्यामुळे दोघंही समोरचा वाचणार हे धरूनच लिहायचे. म्हणजे डायरी हे भांडणच झालं. खरं काय ते त्या दोन भांडणांच्या मधे कुठेतरी, आणि तिथे कादंबरीकाराशिवाय कोण शिरणार?

गल्लीतला_गॉर्की
सगळ्यांनी मिळून चेर्टकोव्हला, टॉलस्टॉयच्या पट्टशिष्याला, मात्र व्हिलन करून ठेवलाय. माणूस चिकट, हुकूमशाही वृत्तीचा, मान्य. घर सोडून निघालेला म्हातारा अस्तापोव्हो स्टेशनवर मरणपंथाला लागलेला, हा आत, आणि बायको बाहेर रेल्वेच्या डब्यात मुक्काम करून. स्टेशनमास्तरच्या घराच्या खिडकीतून आत डोकावणारी सोफिया तर कॅमेऱ्यातच आलीये. शुद्ध गेल्यावर आत सोडलं तिला. हे क्रूर आहे, वाद नाही. पण तोच चेर्टकोव्ह हस्तलिखितं सांभाळतो, आणि १९२८ ला समग्र टॉलस्टॉयच्या ९० खंडांचं काम त्याच्याच देखरेखीखाली सुरू होतं, ते संपलं १९५८ ला. आज आपण इथे ज्या डायऱ्यांवरून भांडतोय त्या छापील मिळतात त्यात त्याचा हात आहे.

उंटावरची_शहाणी
हस्तलिखितं त्याने एकट्याने नाही सांभाळली. तिने कित्येक वर्षं आधी मॉस्कोच्या म्युझियममध्ये ठेवायला सुरुवात केली होती. आणि मला कादंबरी अस्तापोव्होला संपायला नकोच आहे, पुढची नऊ वर्षं हवीत. त्या कागदांवरून आई आणि साशा कोर्टकचेरीत, दोघी हटून बसलेल्या, मग क्रांती, तरी ही यास्नायात पुस्तकांच्या याद्या करतेय, आलेल्यांना घर दाखवतेय, १९१९ ला तिथेच वारली.

चष्मेबद्दूर
म्हातारी बाई, कोर्ट आणि याद्या. कोण छापणार?

उंटावरची_शहाणी
तिला विचारलं असतं तर तिने छापली असती, आणि खपवलीही असती.