शब्द हवा: ‘दुजोरा’ नक्की कधी म्हणायचं? (आणि जबाब की साक्ष?)

युक्रेनमधल्या बुचा या गावात 2022 मध्ये रशियन सैन्याच्या ताब्यात असताना झालेल्या नागरिकांच्या हत्यांवरच्या एका रिपोर्टचं भाषांतर करतेय. ‘कॉरोबोरेटेड’ दिसलं की मी ‘दुजोरा मिळाला’ लिहून मोकळी, तर एडिटरबाईंनी तीन ठिकाणी लाल रेघ मारली, म्हणे हा दुजोरा नाही, तीच बातमी पुन्हा छापलीये. मला फरकच कळेना. आणि जबाब, साक्ष एकच ना? फोर्थ सीटवर अर्धी टेकून टाइप करतेय, चुका पोटात घाला.

—

एक कसले ताई. कोर्टात क्लार्की केली म्हणून सांगतो. जबाब म्हणजे मुळात उत्तर, पोलिसाने विचारलं, माणसाने सांगितलं, त्याने लिहून घेतलं, म्हणजे प्रश्न कसा टाकला यावर अर्धा जबाब ठरतो. ‘वर्दीवाल्यांनीच मारलं ना?’ विचारलं की घाबरलेला माणूस हो म्हणणारच. साक्ष शपथेवरची, आणि उलटतपासणीत सोलून झाल्यावर त्यातलं उरेल ते खरं. जबाबात धडाधड बोलणारे पिंजऱ्यात फितूर झालेले कितीतरी पाहिले. बाकी ‘साक्षी’त ‘अक्ष’ म्हणजे डोळा आहे, साक्षात पाहतो तो साक्षी हे पाणिनीनेच सांगून ठेवलंय. पाहिलं नसेल तर ते ऐकीव.

—

काका, मग ‘अफवा’ची गंमत बघा, मूळ अरबी शब्द आणि अर्थ ‘तोंडं’, अनेकवचन! एकीकडे डोळा, एकीकडे तोंडं.

जानेवारी 1993 च्या मुंबई दंगलीत आम्ही दादरला चाळीत. समुद्रातून बोटी येतायत, हत्यारं उतरवतायत म्हणून पोरं रात्रभर गच्चीवर, बादल्यांत दगड. आईने चौघांना विचारलं, चौघंही छातीठोक. मग ती हट्टाला पेटली, तुला कोणी सांगितलं, त्याला कोणी, असं मागे मागे जात चौघंही एकाच इस्त्रीवाल्यापाशी येऊन थांबले, आणि त्याने कोणा गिऱ्हाईकाकडून ऐकलेलं. म्हणजे चार तोंडं, डोळा एकही नाही. तुमच्या एडिटरबाई हेच म्हणतायत, पाच चॅनलनी दाखवलं तरी मूळ क्लिप एकच असेल तर तो दुजोरा नव्हे.

—

बुचाचंच उदाहरण घ्या ना. रशियाचं म्हणणं, आमचं सैन्य 30 मार्च 2022 ला निघून गेलं, प्रेतं नंतर आणून टाकली. पण मार्चच्या मध्यातल्या सॅटेलाइट फोटोंत याब्लुन्स्का रस्त्यावर, नंतर जिथे प्रेतं सापडली त्याच जागी, माणसाएवढे काळे ठिपके आहेत, म्हणजे सैन्य तिथे असतानाचे. याला दुजोरा म्हणायचं, कारण आकाशातल्या कॅमेऱ्याने खाली कोणाला विचारलेलं नाही. फक्त गोळी कोणी झाडली ते त्या ठिपक्यावरून कळत नाही, त्याला जबाब, फोनचे रेकॉर्ड, जखमा वेगळ्या बघाव्या लागतात.

अवांतर: कोथिंबिरीसारखं ‘कथित’ भुरभुरवू नका प्लीज. ‘कथित मृतदेह’ वाचलंय मी! मृतदेह समोर पडलाय, कथित असेल तर मारेकरी.

—

आभार सगळ्यांचे. तिन्ही ठिकाणी ‘इतर वाहिन्यांनीही हीच बातमी दिली’ करते. मृतांच्या आकड्यात ‘ओळख पटली नाही’ असा वेगळा कॉलम आहे, तो गाळून नुसती बेरीज दिली तर चालेल?

—

अजिबात नाही. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईच्या दंगलीत 900 मृत्यू मोजले, त्यात 45 ‘अज्ञात’ म्हणून वेगळे दाखवलेत, कुठल्याच बाजूच्या खात्यात ढकलले नाहीत. कॉलम आहे तसा ठेवा.