मदत हवी आहे: परवा निघतोय, फोरकास्ट रोज बदलतोय, स्की टूर कशी बसवू?

घोडबंदर_एक्सप्रेस:
मंडळी जरा घाईत आहे. परवा रात्रीचं फ्लाइट. पाच दिवसांची स्की टूर आहे, तीन शिखरं ठरवलीयत, सगळी ३४०० च्या वर, हट (डोंगरातली मुक्कामाची घरं) बुक झालेत, आणि वेदर बघावं तर रोज वेगळंच, काल पाचही दिवस ऊन होतं, आज मधले दोन दिवस स्नो दाखवतंय, उद्या काय दाखवेल देव जाणे. ठरलेल्या क्रमानेच जायचं की उलटं करायचं? एप्रिलएंडला कोणी केलं असेल तर पटकन सांगा. आणि नुसतं "जाऊ नका" लिहायला येऊ नका, तिकीट नॉन-रिफंडेबल आहे.

गडवेडा_कळवा:
३४०० काय? फूट असतील तर आपलं कळसूबाई ५४०० आहे.

खारघर_हिल्स:
एप्रिलएंडला मनालीला वेस्टर्न डिस्टर्बन्स कधीही येतो, फोरकास्टवर जाऊ नका. फ्रेंडशिप पीक ५२८९ मीटर आहे, आधी आयएमएफची (इंडियन माउंटेनिअरिंग फाउंडेशन) परमिशन काढलीय का ते बघा. अटल टनेलमुळे २०२० पासून लाहौलला जाणं सोपं झालंय, पण सोलंग साइडला दुपारी बर्फ पार लापशी होतो. आमचा ग्रुप गेला होता तेव्हा तंबूत पत्तेच खेळले. आणि डायमॉक्स (उंचीच्या त्रासावरची गोळी) न्या.

घोडबंदर_एक्सप्रेस:
अहो मनाली नाही, ऑस्ट्रिया! ओत्झताल. मीटर. फेंट गावातून मार्टिन बुश हट, तिथून सिमिलाउन, मग फ्लुख्टकोगल, शेवटी विल्डश्पिट्झे आणि परत फेंट.

खारघर_हिल्स:
मग तसं आधी लिहायचं ना. एवढं टाइप केलं.

हिरानंदानी_नाइट:
शेंगेन व्हिसा झालाय का? हल्ली अपॉइंटमेंटच मिळत नाहीत.

घोडबंदर_एक्सप्रेस:
झालाय. प्रश्न वेदरचा आहे.

गॅजेट_पाचपाखाडी:
एअरबॅग बॅकपॅक घ्या, बाकी काही बघू नका. अव्हलांच (हिमस्खलन) आली की हँडल ओढायचं, माणूस वर राहतो. फक्त सिलिंडरवाली असेल तर एअरलाइनची परवानगी आधी काढावी लागते.

बेलापूर_ते_इन्सब्रुक:
"बाकी काही बघू नका" हे कृपा करून कोणी ऐकू नका. आधी ट्रान्सीव्हर (गाडलेल्याला शोधायचं सिग्नल यंत्र), प्रोब (बर्फात खुपसायची लांब काठी), फावडं, तिन्ही प्रत्येकाकडे, आणि ते वापरायची प्रॅक्टिस. एअरबॅग त्यानंतर. खडकावर आपटलात किंवा घळीत गाडले गेलात तर फुगा काय करणार?
@घोडबंदर, गाइड आहे का? चौघे-पाच जण असाल तर ग्लेशियरच्या भेगेतून माणूस बाहेर काढता येणारे किती? स्कीइंग कुठे शिकलात? हे सांगितल्याशिवाय क्रम कसा सांगू?

गॅजेट_पाचपाखाडी:
मी फुकटचा सल्ला दिला, तुम्ही भांडायला आलात.

घोडबंदर_एक्सप्रेस:
चौघे आहोत. गुलमर्गला बेसिक आणि इंटरमीजिएट केलंय. गाइड नाही, म्युनिकच्या मित्राचा मित्र आहे, त्याने ही टूर आधी केलीय. दोर आहे. फिटनेसचं टेन्शन नाही, सकाळी येऊर चढतो.

ताई_मानपाडा:
येऊर आणि ग्लेशियर 😀 बरं, ओत्झताल म्हणजे तो ओत्झी सापडला तेच ना? १९९१ ला सिमिलाउनच्या जवळच, ५००० वर्षांपूर्वीचा माणूस. बोल्झानोच्या म्युझियममध्ये ठेवलाय, नक्की बघा.

गडवेडा_कळवा:
त्याच्याकडे पण गाइड नसणार.

ताई_मानपाडा:
त्याच्या खांद्यात बाण घुसलेला होता हो, वेदरने नाही मेला.

बेलापूर_ते_इन्सब्रुक:
ओत्झी राहू दे. मुद्द्याचं लिहितो, लांब होईल.
दिवसा ऊन आहे की ढग, हे तुम्ही बघताय. वसंतात त्याच्याआधी रात्र बघायची. रात्री आकाश स्वच्छ असेल तर बर्फाची उष्णता वर निघून जाते आणि हवेचं तापमान शून्याच्या थोडं वर असलं तरी वरचा थर दगडासारखा गोठतो, मग सकाळी त्यावर चढायचं आणि तो मऊ व्हायच्या सुमाराला उतरून हटवर सूप प्यायचं. रात्रभर ढग राहिले किंवा दक्षिणेचा गरम वारा (त्याला तिकडे Föhn म्हणतात) सुटला तर गोठतच नाही. अशा दिवशी सकाळी सहालाच काठी आत जाते, आणि दुपारी ऊन असो नसो, ओला अव्हलांच सुटतो. पहाटे हटबाहेर येऊन काठीने टोचून बघा. कडक नसेल तर त्या दिवशी शिखर नाही.
आता तुमचे मधले दोन स्नोचे दिवस. ताजा बर्फ वाऱ्याने एका बाजूला साचतो, जुन्या थरावर तो नीट चिकटलेला नसतो, आणि त्यानंतरचा पहिला उन्हाचा दिवस सगळ्यांना टेम्प्टिंग वाटतो. तो दिवस ३० अंशांपेक्षा कमी उतारावर काढा. टिरोलचं (ओत्झताल ज्या राज्यात आहे ते) अव्हलांच बुलेटिन संध्याकाळी दुसऱ्या दिवसासाठी येतं, इंग्लिशमध्येही असतं, धोक्याची १ ते ५ लेव्हल. नुसता आकडा बघू नका, कुठली दिशा आणि किती उंचीच्या वर ते वाचा.
क्रम: पहिल्या दिवशी मार्टिन बुश. रात्र चांगली गेली तर दुसऱ्या दिवशी सिमिलाउन, स्नो यायच्या आत. मग फेंटला खाली या. मार्टिन बुशच्या वाटेवर बाजूचे उतार अंगावर आहेत, दुपारी तिथून येऊ नका. फ्लुख्टकोगल सोडा. शेवटी रात्र कडक गोठली आणि बुलेटिनमधली लेव्हल उतरली तर विल्डश्पिट्झे, नाहीतर तेही नाही.

घोडबंदर_एक्सप्रेस:
पण मग हटचे पैसे? फ्लुख्टकोगलसाठी फेर्नाग्ट हटला दोन रात्री बुक आहेत.

बेलापूर_ते_इन्सब्रुक:
फोन करून सांगा, वेदरमुळे येत नाही म्हणून. न सांगता गैरहजर राहू नका, तिकडे ते शोधायला निघायचे.

खारघर_हिल्स:
मी असतो तर फ्लुख्टकोगल सोडलं नसतं. ग्लेशियरवर व्हाइटआउट झालं (सगळं पांढरं, काही दिसत नाही) तर जीपीएस ट्रॅक असला की झालं, आम्ही लाहौलला तसंच आलो होतो.

बेलापूर_ते_इन्सब्रुक:
जीपीएसला क्रेव्हास (ग्लेशियरमधली खोल भेग) दिसत नाही. बर्फाचा पूल आहे की नाही ते मोबाइल सांगत नाही.
@घोडबंदर, मित्राच्या मित्राने क्रेव्हासमधून कोणाला काढून बघितलंय का? नसेल तर ग्लेशियरच्या दिवसांपुरता तरी गाइड घ्या. ऑस्ट्रियात हेलिकॉप्टरचं बिल स्वतःला भरावं लागतं, अल्पेनफराइनची (तिकडचा गिर्यारोहण क्लब) मेंबरशिप घेतलीत तर त्यात रेस्क्यू कव्हर असतं, आज ऑनलाइन होऊ शकते. रेस्क्यूचा नंबर १४०, फोनमध्ये सेव्ह करा.

घोडबंदर_एक्सप्रेस:
मेंबरशिपचं बघतो. मित्राशी आत्ताच बोललो, त्याच्या मित्राने एकदा कोर्स केलाय म्हणे, प्रत्यक्ष नाही. तो म्हणतोय गाइड महाग पडेल. बाकी दोघांना फ्लुख्टकोगल सोडायचं नाहीये, ग्रुपवर भांडण चालू आहे. आणखी एक, ओल्या बर्फात स्किन्सच्या (चढताना स्कीखाली चिकटवायच्या केसाळ पट्ट्या) खाली गोळे धरतात असं वाचलं, त्यावर काय?

बेलापूर_ते_इन्सब्रुक:
स्किन वॅक्स. चढायच्या आधी केसांच्या दिशेने घासायचं, छोटी वडी खिशात ठेवा, वाटेत परत लागते. गोंदाच्या बाजूला लावू नका.

हिरानंदानी_नाइट:
तिकडे थंडीचे कपडे इथूनच न्यावेत की तिथे घ्यावेत? माझ्या भाचीला जूनमध्ये जायचंय, स्वित्झर्लंडला.

ताई_मानपाडा:
जूनमध्ये कशाला जाड कपडे, एक जॅकेट पुरे. वेगळा धागा काढा ना.