नाकासमोर नळी धरली की झालं?

कळंब्याची सिस्टर: काल पालकांच्या ग्रुपवर एका सद्गृहस्थांनी लिहिलंय, "पोराला मास्क लावायचा अट्टाहास कशाला? नळी तोंडासमोर धरा, ऑक्सिजन तेवढाच जातो." तेवढाच जात नाही हो! हवेत 21 टक्के असतोच. नळी तोंडापासून चार बोटं दूर, पोरानं मान वळवली, वर पंखा गरगर. मग पोर ओढतंय ती खोलीचीच हवा, आणि सिलेंडर रिकामा. बाळांसाठी नाकात घालायचे प्रॉन्ग, म्हणजे दोन बारीक नळ्या, असतात. गालाला चिकटपट्टी, मिनिटाला एक-दोन लिटर फ्लो, दूधही पाजता येतं. जागतिक आरोग्य संघटनाही पाच वर्षांखाली तेच आधी द्या म्हणते.

उत्तरेश्वरचा: ते सद्गृहस्थ मीच. मास्क दिसला की आमचं पोरगं काळंनिळं होईस्तोवर रडायचं. शेवटी आईनं मांडीवर घेऊन नळी धरली, गप झालं. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा, सॅच्युरेशन, 91 चा 95. पुस्तकं तुमच्याजवळ ठेवा.

कळंब्याची सिस्टर: आकडा ऑक्सिजननं वाढला की रडं थांबल्यानं?

उत्तरेश्वरचा: वाढला न्हवं? मग झालं की!

फुलेवाडी नाका: तुमचं मास्क-नळी चालू द्या. आमच्या पुतणीला कळे गावातनं आणताना अँब्युलन्समध्ये सिलेंडर होता, उघडायची चावीच नव्हती! ड्रायव्हर पाना शोधतोय, वहिनी रडतीय. त्यावर लिवा की कुणीतरी.

स्टेरिंगवाला: झालं, ड्रायव्हरच सापडला. चावी मालक देत नाही, सिलेंडर भरायचे पैसे मालक देत नाही, शिव्या आम्हाला. रस्त्यातल्या खड्ड्यात फ्लोमीटरची (ऑक्सिजन किती सुटतो ते दाखवणाऱ्या यंत्राची) बाटली निखळते, ती पण आम्हीच धरायची?

फुलेवाडी नाका: निघताना तपासायला काय मालक येणार व्हय? भाडं मात्र आधी मोजून घेता.

स्टेरिंगवाला: एक रात्र गाडीवर या, मग बोला.

भूलवाला डॉक्टर: भांडा निवांत. सिस्टर, घशाला सूज येऊन पोर भुंकल्यासारखं खोकत असेल तर त्याला चिडवायचं नाही. तेव्हा आईच्या मांडीवर, तोंडाजवळ धरलेलाच ऑक्सिजन आम्हीही चालवून घेतो. ऑपरेशननंतर जागं होतानाही. पण नजर सॅच्युरेशनवर. 90 च्या खाली रेंगाळलं तर लाड बंद. आणि मास्क लावून फ्लो दोनवर ठेवणारे महाभाग वेगळेच. पाचाच्या खाली पोर आपलाच उच्छ्वास परत ओढतं.

कळंब्याची सिस्टर: बरं, मांडीपुरतं मान्य. "तेवढाच जातो" हे नाही.

उत्तरेश्वरचा: उपकार झाले. "तेवढाच" खोडतो, पोस्ट राहणार.

फुलेवाडी नाका: आणि चावीचं काय?